खाजगी कुरणांतील पक्षिसंरक्षण : यशाचे मोजमाप

कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या ‘ग्रेट प्लेन्स’ या गवताळ प्रदेशातील बहुतांश जमीन खाजगी मालकीची असून तिच्यावर गुरे चारणारी कुटुंबे राहतात. अमेरिका व कॅनडा या देशांत १९७० पासून गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची संख्या ५३ टक्क्यांनी, म्हणजे ७० कोटींहून अधिक घटली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. एवढी जमीन शासनाने विकत घेणे शक्य नाही. म्हणून जमीनमालकांना साहाय्य देऊन त्यांच्याकडूनच पक्ष्यांचे रक्षण करून घेण्याचा मार्ग तेथे अवलंबिला जातो. १९८५ च्या कायद्यान्वये पिकाखालील जमीन गवताखाली आणणाऱ्या शेतकऱ्यास १० ते १५ वर्षांच्या करारावर वार्षिक मोबदला मिळू लागला. सार्वजनिक पैसा खर्च झाला की त्याचे फलित काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

किती एकर जमीन योजनेत आली, हे त्याचे उत्तर नव्हे. गवत सर्वत्र सारखे वाढले तरी सर्व पक्ष्यांची सोय होत नाही. चेस्टनट-कॉलर्ड लाँगस्पर हा पक्षी चरलेले आखूड गवत पसंत करतो, तर हेन्स्लोज स्पॅरोला उंच, दाट गवत लागते. बोबोलिंकची घरटी गवताची कापणी लवकर झाल्यास नष्ट होतात. म्हणून चराईची पाळी, कापणीची वेळ आणि गवताची उंची यांची नोंद पक्ष्यांच्या नोंदीइतकीच महत्त्वाची ठरते.

गणनेलाही शिस्त लागते. १९६६ पासून चालू असलेल्या उत्तर अमेरिकेच्या पक्षिगणनेत सुमारे ३९ किलोमीटरच्या ठराविक मार्गावर ५० थांबे घेऊन प्रत्येक ठिकाणी ३ मिनिटे पक्षी मोजले जातात. परंतु गवतात लपलेला प्रत्येक पक्षी दिसतोच असे नाही. वारा, दिवसाची वेळ आणि निरीक्षकाचा कान यांनी आकडा बदलतो. याकरिता पक्षी किती अंतरावर आढळला हे टिपून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात.

दुसरी आवश्यकता तुलनेची. चांगल्या पावसाच्या वर्षी पक्षी सर्वत्रच वाढू शकतात. त्याचे श्रेय योजनेला देणे योग्य नाही. योजनेपूर्वीची स्थिती, नंतरची स्थिती आणि योजनेबाहेरील तशाच कुरणाची स्थिती या तिन्हींच्या अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात.

पक्षी दिसले म्हणजे वंश वाढला, असेही नाही. १९६१ साली हॅरल्ड मेफील्ड यांनी घरट्याच्या दररोज टिकून राहण्याच्या प्रमाणावरून यश काढण्याची रीत सुचविली. हे प्रमाण ९५ टक्के असेल, तर २४ दिवसांअखेर १०० पैकी सुमारे २९ घरटी टिकतात; ९७ टक्के असेल, तर सुमारे ४८. रोजच्या दोन टक्क्यांनी एवढा फरक पडतो. २०२० साली उत्तर ग्रेट प्लेन्ससाठी मांडलेल्या पक्षिस्नेही निर्देशांकात पक्ष्यांची विपुलता, त्यांच्या संरक्षणाची निकड आणि त्यांच्या जीवनपद्धतींतील विविधता यांचा एकत्रित विचार केला आहे.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९७९ साली स्थापन झालेले माळढोक अभयारण्य सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर पसरले होते आणि त्यात खाजगी शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या. पुढे त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. आज तेथे माळढोक अभावानेच आढळतो. हा पक्षी हंगामात सहसा एकच अंडे घालतो. त्यामुळे प्रौढ पक्षी दिसत असतानाही पुढली पिढी तयार होत नसल्याचे ध्यानात येण्यास विलंब लागतो. कागदावरील क्षेत्रफळ आणि माळावरील जीवन यांतील अंतर ओळखण्यास नियमित मोजमापच उपयोगी पडते.

यात जमीनमालकाचा लाभही मोजला पाहिजे. चाऱ्याची उपलब्धता आणि गुरांचे उत्पन्न घटले, तर कराराची मुदत संपताच कुरणावर नांगर फिरतो आणि वर्षानुवर्षांचे काम मातीत जाते. गायराने व माळराने सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतींनी कोणत्याही उपक्रमाच्या आरंभीच गवत, घरटी आणि चारा यांची नोंदवही सुरू करणे अगत्याचे आहे. आरंभीची नोंद राहून गेली, तर ती मागाहून तयार करता येत नाही.