वस्तू पाण्यात, पाय काठावर

रविवारी सकाळी कसारा किंवा आसनगाव लोकल खडवलीला थांबली की पोरांचे घोळके उतरतात. कल्याण-डोंबिवलीची, ठाण्याची, कधी पार कुर्ला-घाटकोपरची. सगळे भातसा नदीच्या काठाकडे चालू लागतात. कोणाकडे बॅट, कोणाकडे फ्रिसबी, कोणाच्या खांद्यावर स्पीकर, दोघांच्या मध्ये धरलेलं पातेलं. माझं घर नदीच्या वाटेवर आहे, त्यामुळे ही वर्दळ वर्षानुवर्षं बघतो आहे. सोबत दोरी घेऊन आलेला माणूस मात्र क्वचितच दिसतो. दुपार कलली की दाराशी हाक येते, "काका, एखादा लांब बांबू मिळेल का? बॉल गेलाय." कधी चष्मा गेलेला असतो, कधी गाडीची चावी, कधी मोबाईल.

बांबू मी आनंदाने देतो. जो विचारायला आला त्याची काळजी नसते. काळजी असते ती कोणालाही न विचारता पाण्यात उतरणाऱ्याची.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी काठावर पाहिलेला प्रकार सांगतो. चार-पाच मित्र फ्रिसबी खेळत होते. वाऱ्याने तबकडी वळली आणि पाण्यावर पडून तरंगू लागली. काठापासून फार तर दहा-बारा फूट. त्यातल्या एकाला पोहता येत होतं, तो निघाला. तबकडी त्याच्यापुढे हातभर अंतरावर होती आणि तेवढीच राहिली. हात मारला की पाण्याची लाट उठायची, ती लाट तबकडीला आणखी पुढे ढकलायची, वर नदीची ओढ होतीच. आता मिळेल, मग मिळेल, करत तो वळणापर्यंत गेला. तिथे पाणी खोल आणि वेगाचं. परत फिरला तेव्हा दमला होता, आणि आता प्रवाह समोरून होता. त्याचा एक मित्र उडी मारायला निघाला. धुणं धुणाऱ्या एका मावशींनी त्याचा हात धरून ठेवला. शेजारच्यांनी गोठ्यातला दोर आणला, त्याला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला आणि वरच्या अंगाने फेकला. कॅन वाहत त्याच्या हाताशी आला. त्याने तो छातीशी कवटाळला आणि आम्ही ओढून घेतलं. तबकडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

मुलगा वाचला. बाहेर आल्यावर "मी ठीक आहे" म्हणत होता, तरी त्याला दवाखान्यात पाठवलं. छातीत पाणी गेलेल्या माणसाला काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून ओकारी आणि खोकला झालेल्या कोणालाही डॉक्टरला दाखवल्याशिवाय लोकलमध्ये बसवू नये. त्या दिवसापासून दोर आणि कॅन माझ्या पडवीत कायम टांगलेले असतात.

भातसेबद्दल बाहेरच्या माणसाची एक मोठी गैरसमजूत असते. उन्हाळ्यात पाऊस नाही म्हणजे नदी निवांत, असं त्याला वाटतं. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईसाठी पिण्याचं पाणी नदीत सोडतात आणि पिसे बंधाऱ्यावर ते उचलतात. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांत सर्वांत मोठा वाटा भातसेचा आहे. म्हणून आजूबाजूचे ओढे कोरडे पडले तरी ही नदी वाहती राहते, आणि वरून किती पाणी सोडलं आहे त्यावर तिचा जोर ठरतो. सकाळी जिथे घोटाभर होतं तिथे संध्याकाळी तेवढंच असेल, याची खात्री काठावर बसलेल्याला देता येत नाही. तळाला कुठे शेवाळलेला कातळ, कुठे गाळ, मध्येच खळगा. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात. तो इशारा गावात पोचतो, सहलीला आलेल्या पाहुण्यापर्यंत पोचेलच असं नाही.

पाण्याची खोली डोळ्यांना कमी दिसते, हेही लक्षात ठेवायला हवं. पाण्यातून बाहेर येताना प्रकाशाची दिशा बदलते, त्यामुळे वरून सरळ खाली पाहिलं तर चार फूट खोल तळ तीन फुटांवर असल्यासारखा वाटतो. तिरक्या नजरेने तर त्याहून उथळ. काठावरून "कमरेएवढंच आहे" म्हणणारा माणूस छातीएवढ्या पाण्यात पाय टाकत असतो. वाहत्या पाण्याचा जोरही असाच फसवतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचा पाय शेवाळावरून सुटतो तो यामुळे.

म्हणून वस्तू काढायची तर हात लांब करायचा, पाय काठावर ठेवायचे. हात लांब करण्याची साधनं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विहिरीत घागर किंवा बादली पडली की गळ टाकायचे. लोखंडी कड्याला चहूबाजूंनी वाकडे आकडे आणि वर दोरी. वाडीतल्या एखाद्या घरी तो असायचा आणि सगळी वाडी मागून न्यायची. दोर सैल पडला म्हणजे गळ तळाला टेकला, हे हाताला कळतं. मग सावकाश फिरवायचा. घाईने ओढलं की आकडा कडीतून सुटतो. घागरीला, बादलीला, पिशवीच्या पट्ट्याला, बुटाच्या नाडीला, म्हणजे जिथे आकडा अडकायला जागा आहे तिथे गळासारखं साधन नाही. गुळगुळीत तबकडीला मात्र तो उपयोगाचा नाही.

तबकडी काढण्याचं शास्त्र पाहायचं तर डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांकडे पाहावं. गोल्फच्या छिद्राऐवजी साखळ्या लावलेली टोपली आणि चेंडूऐवजी तबकडी, असा हा खेळ. एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 मध्ये त्याचं पहिलं कायम मैदान मांडलं. आज अमेरिकेत आणि फिनलंडमध्ये त्याची असंख्य मैदानं आहेत आणि कितीतरी मैदानांत तळी येतात. या खेळाच्या तबकड्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फ्रिसबीपेक्षा लहान, जाड कडेच्या आणि घट्ट प्लास्टिकच्या असतात, त्यातल्या बहुतेक बुडतात. त्यामुळे तिथल्या खेळाडूंच्या पिशवीत दोन साधनं दिसतात. एक, सरकवून लांब करता येणारी दांडी, टोकाला तबकडीची कड पकडणारा वाकडा फास. दुसरं, दोरीला बांधलेली दातांची जड चौकट. ती तबकडीच्या पलीकडे फेकायची, तळाला बसू द्यायची आणि ओढत आणायची.

हे दुसरं साधन आपण घरी करू शकतो. शेतातल्या दाताळ्याचा लोखंडी फणा घ्यायचा, मजबूत नायलॉनची दोरी बांधायची. वस्तूवर नेम धरायचा नाही, चार हात पलीकडे टाकायचा. वस्तूवर आदळला तर ती गाळात आणखी रुतते. तबकडी पालथी पडली असेल, म्हणजे फुगीर बाजू वर, तर दात तिच्यावरून घसरतात, कड पकडेपर्यंत हळूहळू ओढावं लागतं. उताणी पडली असेल तर ती पाण्याने भरलेल्या ताटासारखी जड लागते, मग दोर तिरका धरून एक कड वर आणायची, पाणी सांडलं की ती हलकी होते. गाळाने धरून ठेवलं असेल तर हिसका देऊ नये. कड उचकटली की गाळ स्वतःच सोडतो. फणा फेकताना मागे आणि बाजूला कोणी उभं नाही हे आधी पाहावं. लोखंड डोक्यात बसलं तर तबकडीची आठवणही राहायची नाही.

तरंगणाऱ्या वस्तूसाठी माझं आवडतं साधन म्हणजे आंब्याचा झेला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला कोकणात घरोघर माहीत आहे. लांब काठी, टोकाला जाळी आणि देठ कापायचं पातं. ते पातं काढून ठेवायचं, मग बॉल, फ्रिसबी, चप्पल, टोपी काही असो, प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभं राहून येणाऱ्या वस्तूसमोर जाळी धरायची. प्रवाहाच्या मागे धावण्यापेक्षा पुढच्या वळणाच्या काठावर जाऊन थांबणं केव्हाही बरं. वस्तू बहुधा तिथे संथ पाण्यात येऊन घुटमळते. टेनिसचा बॉल तरंगतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चामड्याचा सीझन बॉलसुद्धा तरंगतो. साधारण 160 ग्रॅम वजन आणि त्याच्या आकाराएवढं पाणी 200 ग्रॅमच्या जवळपास. तेव्हा तो बुडाला म्हणून डुबकी मारणाऱ्याला थांबवा, बॉल प्रवाहात पुढे कुठेतरी वर आलेला असेल.

चावीसाठी लोक लोहचुंबक आणतात. चुंबक चांगला, पण बऱ्याच चाव्या पितळेच्या असतात आणि पितळ, ॲल्युमिनियम, सोनं, चांदी यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. कडी पोलादी असेल तर चावी येते. अंगठी किंवा मंगळसूत्र असेल तर बारीक जाळीच लागते, तीही पाणी अगदी उथळ आणि संथ असेल तरच. चष्म्याला जाळी बरी. मासे धरायचा पाग टाकणारा माणूस भेटला तर त्याला विचारावं, शिशाच्या गोळ्यांचा तो घेर तळ झाडून आणतो.

मोबाईलची गोष्ट वेगळी, कारण त्यासाठी माणूस सर्वांत जास्त वेडा होतो. फोन पाण्यात टिकतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ती चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात, ठरलेल्या खोलीवर आणि साधारण अर्ध्या तासाची असते. सापडला तर चालू करून पाहू नका, चार्जिंगला लावू नका आणि तांदळातही खुपसू नका, तांदळाची पूड आत जाते. नाही सापडला तर दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला कळवा आणि पोलिसांत नोंद करा. फोन पुन्हा घेता येतो.

काही पडलं की पहिलं काम जागा डोळ्यात भरून घेणं. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड आणि त्याच्यामागची एखादी खूण एका रेषेत धरा, आपण उभे आहोत तिथे दगड ठेवा. ही रेष पक्की असली तर फणा कुठे फेकायचा ते कळतं. ती नसली तर शोध बोलण्याबोलण्यातच काठभर पांगतो.

आणि माणूसच पाण्यात गेला असेल तर हीच साधनं त्याच्यासाठी. बांबू पुढे करा, स्वतः पालथे झोपून करा, म्हणजे तो तुम्हाला ओढणार नाही. बांबू पुरत नसेल तर दोर बांधलेला कॅन फेका. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावा, रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो. दोर हातात नसेल तर साडी, ओढणी, दोन बेडशीटची गाठ चालते. त्याच वेळी एकाने 112 ला फोन लावावा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबण्यात किंवा उलटं टांगण्यात क्षणही घालवू नका. तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या, मदत येईपर्यंत थांबू नका.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा नदीकाठांवर बंदीचे आदेश काढतं. ते दिवस पाळा, त्या पाण्यापुढे झेला आणि गळ काही कामाचे नाहीत. बाकीच्या दिवसांत खडवलीला या, नदी सुंदर आहे. येताना पिशवीत पंधरा-वीस मीटर दोरी आणि एक रिकामा कॅन टाका. डिस्क गोल्फवाले तबकडीच्या मागे नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात, तुम्हीही फ्रिसबीवर, बॅटवर, पाण्याच्या बाटलीवर नंबर लिहा. वाहून गेलेली वस्तू खालच्या गावात कोणाला तरी सापडते आणि नंबर दिसला तर फोन येतो. नाही आला, तर ती जाऊ द्या.