संगणकाच्या तारेचे टोक : जोड छोटा, डोकेदुखी मोठी

तागा विकत घेताना आपण त्याचे टोक आधी पाहतो. दुकानात संगणक आले तेव्हा तारेचे टोक पाहायची सवय मात्र आपण लावून घेतली नाही. त्याची किंमत मी मोजली आहे.

घाटकोपरच्या आमच्या दुकानात बिलाचा संगणक खाली गल्ल्यावर आणि हिशेबाचा वर पोटमाळ्यावर आहे. ऐन ईदच्या गिऱ्हाइकीत बिल मध्येच अडकू लागले. पाच मिनिटांनी आपोआप सुरूही होई. मी गल्ल्यावरच्या मुलाला दोष दिला, दोनदा चारचौघांत बोललो. सॉफ्टवेअरवाल्याला बोलावले, नवा स्विच घेतला. दोष तसाच. शेवटी भाच्याने गल्ल्यामागची तार हाताने हलवली आणि बिल थांबले. पुन्हा हलवली, चालू झाले. काही रुपयांचा प्लास्टिकचा कनेक्टर! मुलाची मी सर्वांसमोर माफी मागितली. बोललो होतो तेही सर्वांसमोरच.

ही कटकट जुनी आहे. नव्वदच्या दशकात अनेक कार्यालयांत सर्व संगणक टीव्हीच्या केबलसारख्या एकाच गोल तारेवर असत. प्रत्येकाजवळ इंग्रजी टी अक्षरासारखा जोड आणि तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी. एक टोपी ढिली झाली की सगळी लाइन बंद. पुढे प्रत्येक संगणकाची तार वेगळी झाली, म्हणून आज एक जोड बिघडला तर बहुधा एकच संगणक अडतो.

आजच्या आरजे-४५ कनेक्टरमध्ये आठ बारीक तारा जातात. हत्याराने दाबले की आठ पात्या तारांच्या आवरणात घुसून धातूला भिडतात. पाती अर्धवट बसली तर दोष येतो-जातो, आणि असा दोष पकडणे सर्वांत कठीण. भिंतीतून जाणाऱ्या तारेत एकच भरीव तांब्याची काडी असते, तर लवचिक तारेत अनेक धागे. दोन्हींसाठी कनेक्टर वेगळे मिळतात. लॅमिंग्टन रोडला घेताना तार कोणती ते सांगा.

आता रंगांचा क्रम. क्लिप खाली, पात्या वर आणि तारेचे तोंड आपल्याकडे धरले की डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही कारागीर म्हणतात, दोन्ही टोकांना सारखे लावले की झाले, रंग कुठलाही चालतो. हे चूक आहे. तारा दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतात, तो पीळच बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंधळ अडवतो. तिसरी व सहावी तार एकाच जोडीची हवी. मनाने क्रम लावला तर साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण लांब तारेवर काम रखडते. टोकाला पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये.

तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही खपवली जाते. ब्लेडने खरवडा; आत पांढरी निघाली तर घेऊ नका. ती लवकर तुटते. (नकली जरी ओळखणाऱ्याला हे शिकवावे लागू नये, पण मीही फसलो आहे.)

माझ्या गल्ल्यामागे क्लिप मोडलेली होती आणि तारेचा सगळा भार पात्यांवर येत होता. कनेक्टरच्या मागच्या दाबपट्टीखाली बाहेरचे जाड आवरण यायला हवे होते, तिथे नुसत्या बारीक तारा होत्या. बसवून झाल्यावर हलकेच ओढून पाहावे. आवरण सरकले तर टोक कापून नवे लावावे. एकदा दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरता येत नाही. पावसाळ्यात दमट भिंतीला लागून तार ठेवू नये, स्वस्त मुलाम्याच्या पात्या गंजतात. गल्ल्यापासून भिंतीपर्यंत कारखान्यात बनलेली तयार तार घ्यावी, आणि तशीच एक खणात शिलकीला ठेवावी. बिल अडकले की आधी ती लावून पाहावी, दोन मिनिटांत निवाडा होतो.

रंगांचा क्रम मी उर्दूत लिहून पोटमाळ्यावर चिकटवला आहे. खाली गल्ल्यावर त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून लावला.