बिनवजनाच्या बैठका

साहित्य: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, रोजचे अडीच तास (त्यात यंत्र लावणं, आवरणं, अंग पुसणं आलं), आठवड्याचे सहा दिवस आणि एक टॉवेल. मुक्काम सहा महिन्यांचा धरला आहे.

हाड मोठं हिशेबी असतं. भार पडेल तेवढंच राखायचं, उरलेलं मोडून त्यातलं कॅल्शियम रक्तात सोडायचं, हा त्याचा खाक्या. स्थानकावर पाय नुसते तरंगतात. व्यायाम पुरेसा नसेल, तर खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. मांड्या, पोटऱ्या आणि पाठीचे स्नायूही आटतात, कारण माणसाला उभं धरण्याचं त्यांचं कामच गेलेलं असतं. दंडांचं तितकं बिघडत नाही. तिथे हातांनीच इकडून तिकडे जायचं असतं.

१. निघण्यापूर्वी खुबा आणि मणक्यांची घनता मोजून घ्या. आकडे कागदावर लिहून जपून ठेवा, शेवटी लागतील.

२. आता वजन तयार करा. लोखंडी चकत्या वर नेऊन उपयोग नाही. शंभर किलोची चकतीही तिथे जागच्या जागी तरंगेल. त्याऐवजी ‘एरेड’ नावाचं यंत्र आहे, २००८ च्या अखेरीस वर गेलेलं. त्यात दोन नळकांडी असतात. दांडा उचलला की आतला दट्ट्या ओढला जाऊन मागे निर्वात पोकळी तयार होते आणि केबिनमधली हवा त्याला परत आत रेटू लागते. हवेचं हे रेटणं म्हणजेच तुमचं वजन. हँडल फिरवून ते कमी-जास्त करता येतं, थेट २७२ किलोंपर्यंत. खऱ्या लोखंडाला असते तशी ओढ यावी म्हणून छोटी जडचक्रंही बसवली आहेत.

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. घरी सत्तर किलोचा गडी पन्नास किलो खांद्यावर घेऊन बैठका मारतो, म्हणून वरही पन्नासच लावतो. पण जमिनीवर प्रत्येक बैठकीत तो स्वतःचं अंगही उचलत होता, हे विसरतो. वर अंगाला वजन नाही, तेव्हा तेही यंत्रावर चढवायला हवं. पन्नासच्या जागी शंभरच्या आसपास लावा. पहिल्याच दिवशी मात्र नको. मळमळ आणि जड झालेलं डोकं निवळू द्या, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. बैठका, डेडलिफ्ट आणि टाचा उचलणं या तिघांना सुट्टी नाही. पाठ सरळ ठेवा. वजन नसलं तरी मणका लचकतो.

आधीच्या यंत्राचा भार याच्या निम्माच होता आणि त्यावर घाम गाळूनही हाडं झिजतच राहिली. नव्या यंत्रावर जोर लावणारे, पुरेसं जेवणारे आणि ड जीवनसत्त्व घेणारे अंतराळवीर खुब्याची घनता बरीचशी टिकवून परतले. हाडाला नुसती हालचाल नको असते, त्याला ओझं लागतं.

३. मग धावा. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पाय टेकवायचा तर आधी स्वतःला खाली बांधून घ्यावं लागतं. खांद्यांवर आणि कमरेवर पट्टे चढवून लवचिक दोऱ्यांनी तिला जखडून घ्या. सुरुवातीला अंगाच्या वजनाच्या साठ टक्क्यांइतका ताण पुरे, पुढे वाढवत न्या. सगळा ताण खांद्यांवर आला तर कातडी सोलवटते, म्हणून कमरेचा पट्टा आवळून भार वाटून घ्या. पाऊल आपटलं पाहिजे. तरंगत-तरंगत धावल्याचा हाडाला काडीचा फायदा नाही. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी अशाच बांधलेल्या अवस्थेत बॉस्टन मॅरेथॉन पुरी केली. सुमारे ४ तास २४ मिनिटं लागली आणि तेवढ्यात स्थानकाच्या पृथ्वीभोवती जवळजवळ तीन फेऱ्या झाल्या.

४. सायकल हृदयासाठी. सीट लागत नाही, पावलं अडकवली की झालं.

५. घाम ओघळत नाही. तो कातडीवर गोळा होऊन चिकटून बसतो. झटकू नका, टॉवेलने टिपा आणि टॉवेल वाळत टाका. त्यातला ओलावा हवेतून गोळा होऊन शुद्ध केला जातो आणि पुन्हा पिण्याच्या पाण्यात येतो. कपडे धुण्याची सोय नाही, त्यामुळे व्यायामाचा तोच शर्ट कित्येक दिवस चालवावा लागतो. सहकाऱ्यांनी नाक मुरडलं तर वाईट वाटून घेऊ नका.

६. ताटात मीठ कमी ठेवा, कारण मीठ वाढलं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. ड जीवनसत्त्वाची गोळी चुकवू नका. अंगाला ऊन लागत नाही. पाणी भरपूर प्या, नाहीतर हाडातून सुटलेल्या कॅल्शियमचा मुतखडा होईल. हे कॅल्शियम माणसालाच छळतं असं नाही. २००९ मध्ये स्थानकावरचं लघवीपासून पाणी करणारं यंत्र कॅल्शियम सल्फेटच्या खड्यांनी बंद पडलं होतं, कारण अंतराळवीरांच्या लघवीत अपेक्षेपेक्षा जास्त कॅल्शियम निघालं. स्नायूंच्या खुराकाचा शोध मात्र अजून चालू आहे. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी तिथल्या अठरा दिवसांत जे प्रयोग केले, त्यांत स्नायूंच्या पेशींवरचाही एक होता.

७. परतल्यावर लगेच हिंडू नका. १९७० मध्ये सोयूझ ९ मधून अठराच दिवसांनी उतरलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव या अंतराळवीरांना धड उभंही राहवत नव्हतं. उलट १९९५ मध्ये अंतराळवीर पोल्याकोव ४३७ दिवसांनी, रोजचा व्यायाम सांभाळून परतले आणि यानापासून खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी गेले. तुम्ही पुढचे पंचेचाळीस दिवस रोज दोन तास तोल, ताण आणि ताकद यांचा सराव करा. मग पहिल्या पायरीतला कागद काढून पुन्हा मोजा. स्नायू त्यामानाने लवकर भरून येतात. नडगीचं हाड मात्र काहींच्या बाबतीत वर्ष उलटलं तरी पूर्ववत झालेलं नव्हतं, तेव्हा तो कागद एवढ्यात फाडू नका.