न पाहताच सोडलेल्या खेळ्या

चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक गणित येते : शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची अदलाबदल केली, तर रूपे किती होतील? उत्तर ३६,२८,८००! वस्तू दहाच, पण गुणाकार असा फुगतो.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाची अडचण हीच. एका वेळी साधारण ३० खेळ्या शक्य आहेत असे धरू. दोन आपल्या व दोन प्रतिस्पर्ध्याच्या, अशा चार खेळ्या पुढचे पाहायचे तर ३० × ३० × ३० × ३० म्हणजे ८,१०,००० स्थिती तपासाव्या लागतात. आणखी दोन खेळ्या वाढवल्या की काम ९०० पट!

मग करायचे काय? आपण रावेरच्या बाजारात जाऊ. केळीवाल्यापुढे तीन टोपल्या आहेत, प्रत्येकीत तीन फण्या. टोपली तुम्ही निवडायची. फणी मात्र तो देणार, आणि तीही सर्वांत वाईट. (खरे केळीवाले इतके दुष्ट नसतात!) प्रत्येक फणीतील चांगली केळी अशी :

पहिली : ८, ९, १२
दुसरी : ५, १०, ११
तिसरी : ३, ७, ६

टोपली म्हणजे तुमची खेळी, फणी म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे उत्तर आणि आकडा म्हणजे त्या स्थितीचे गुण. पहिली टोपली पूर्ण पाहिली. ८ नक्की मिळणार. दुसरीतली पहिलीच फणी ५ ची. उरलेल्या पाहूच नका! त्या कितीही चांगल्या असोत, तो ५ किंवा त्याहून कमीच देणार. तिसरीही ३ दिसताच सोडा. नऊपैकी पाचच फण्या पाहिल्या. ही ‘अल्फा-बीटा छाटणी’. हा अंदाजपंचे कारभार नव्हे. सगळ्या फण्या पाहूनही निवड हीच झाली असती.

आता उलट, तिसऱ्या टोपलीपासून सुरुवात करा. हाती फक्त ३. दुसरीत ३ किंवा त्याहून कमी एकही नाही, म्हणून तिन्ही पाहाव्या लागतात. पुढे पहिलीतल्याही तिन्ही. एकूण नऊ, काहीच वाचले नाही!

तेव्हा खरी युक्ती क्रमात आहे. म्हणून प्रोग्रॅम मोहरा मारणाऱ्या खेळ्या आधी पाहतो. थोड्या खोलीच्या शोधात चांगली ठरलेली खेळी पुढच्या शोधात अग्रभागी ठेवतो. क्रम सर्वोत्तम लागला, तर ८,१०,००० ऐवजी ९०० + ९०० − १ = १,७९९ स्थितींत भागते. १९९७ साली कास्पारोव्हला हरवणारा ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शके. पण छाटणी त्यालाही करावीच लागली.

आता दुसऱ्या टोपलीतला क्रम १०, ११, ५ असा करा आणि पहिल्या टोपलीपासून सुरुवात करा. किती फण्या पाहाव्या लागल्या? (उत्तर : ७)