आधी कोण सुटणार? : राउटरवरचं आउटबाउंड क्यूओएस

संध्याकाळी हॉस्टेलच्या नेटचं काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकजण प्रोजेक्टचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावतो आणि मेसला निघून जातो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर फायनल इयरचा कोणीतरी टाय लावून (खाली बर्मुडा, पण ती कॅमेऱ्यात येत नाही) ऑनलाइन इंटरव्ह्यूला बसलेला असतो. त्याचा आवाज तुटतो, चेहरा गोठतो, आणि पलीकडचे साहेब म्हणतात, "वुई कान्ट हिअर यू." मग दुसऱ्या दिवशी रेक्टरांकडे अर्ज : बँडविड्थ वाढवा.

बँडविड्थ वाढवायला हरकत नाही, पण बऱ्याचदा दुखणं दुसरंच असतं. समजा, आपल्या लाइनचा अपलोड १० एमबीपीएस आहे. १५०० बाइटचं एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ते बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. आता मॉडेममध्ये १ मेगाबाइटचा बफर आहे असं धरा. टीसीपीचा स्वभावच असा, की पॅकेट गळेपर्यंत तो वेग वाढवत राहतो. म्हणजे एकच मोठा अपलोड तो बफर काठोकाठ भरून ठेवतो. ८० लाख बिट भागिले १० एमबीपीएस, म्हणजे ०.८ सेकंद! इंटरव्ह्यूवाल्याचं प्रत्येक पॅकेट ८०० मिलिसेकंद रांगेत उभं. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयूची जी.११४ ही शिफारस सांगते. या फुगलेल्या बफरच्या रोगाला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास 'बफरब्लोट' हे नाव प्रचारात आणलं. गंमत म्हणजे डाउनलोडही मंदावतो, कारण त्याच्या पोचपावत्या (अ‍ॅक) याच रांगेत अडकलेल्या असतात.

आउटबाउंडच का?

एस.टी. स्टँडवर कोणती गाडी आधी सोडायची हे कंट्रोलरच्या हातात असतं. येणारी गाडी कधी येणार हे त्याच्या हातात नसतं. राउटरचंही तसंच. बाहेर पाठवायची पॅकेट्स आपल्याजवळ असतात, त्यांचा क्रम आपण लावू शकतो. आलेलं पॅकेट तर लाइनची जागा खाऊन आलेलं असतं. ते फेकून दिलं तरी खर्च झालेली जागा परत मिळत नाही. म्हणून रांगेची पॉलिसी बाहेर जाणाऱ्या दिशेला लावतात. (डाउनलोड आवरायचा असेल तर? हॉस्टेलच्या स्विचकडे जाणारा पोर्ट हाही राउटरच्या दृष्टीने 'आउटबाउंड'च. तिथे लाइनपेक्षा थोडा कमी वेग बांधला तर बरंच साधतं.)

सिस्कोच्या आयओएसवर हे काम तीन टप्प्यांत होतं. क्लास-मॅपमध्ये कोणाला कोणत्या गटात घालायचं ते, पॉलिसी-मॅपमध्ये गटाला काय द्यायचं ते, आणि शेवटी इंटरफेसवर 'सर्व्हिस-पॉलिसी आउटपुट' ही ओळ. एवढं व्हायवाला सगळे पाठ म्हणतात. खरी मेख पुढे आहे.

राउटरचा बाहेरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा, लाइन १० ची. राउटरला वाटतं रस्ता मोकळा आहे, त्यामुळे त्याच्याकडे रांग लागतच नाही. रांग लागते मॉडेममध्ये, आणि मॉडेमला तुमची पॉलिसी माहीतच नाही. पॉलिसी बरोबर लिहूनही फरक शून्य! यावर उपाय म्हणजे शेपिंग. एका वरच्या पॉलिसीत 'शेप अ‍ॅव्हरेज ९५०००००' देऊन वेग लाइनपेक्षा किंचित खाली, म्हणजे ९.५ एमबीपीएसवर बांधायचा, म्हणजे रांग आपल्या घरात येते. आणि त्या पॉलिसीच्या पोटात गटांची पॉलिसी ठेवायची. अर्धा एमबीपीएस सोडावा लागतो, पण माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे.

पोटातल्या पॉलिसीची वाटणी अशी करता येईल. ऑफिसच्या आयपी फोनना 'प्रायॉरिटी १०००'. हा आकडा केबीपीएसमध्ये असतो. जी.७११ चा एक कॉल इथरनेटच्या हेडरसकट सुमारे ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे दहा कॉल आरामात बसतात. प्लेसमेंटच्या व्हिडिओला 'बँडविड्थ ४०००'. उरलेले सगळे क्लास-डिफॉल्टमध्ये, तिथे 'फेअर-क्यू', म्हणजे एकट्या ड्राइव्हवाल्याने सगळं गिळायला नको. डिफॉल्ट ही काही शिक्षा नव्हे. बाकीचे गट रिकामे असतील तर पूर्ण ९.५ एमबीपीएस त्यालाच मिळतात.

मग व्हिडिओलाही प्रायॉरिटीच का देऊ नये? कारण प्रायॉरिटीला गर्दीच्या वेळी वरची मर्यादा असते. ३ एमबीपीएस दिले आणि तीन कॉल चालू असताना चौथा आला, तर जादा पॅकेट्स फेकली जातात. फेकताना ती कोणाची हे पाहिलं जात नाही, म्हणजे चौघांचेही इंटरव्ह्यू बिघडतात. 'बँडविड्थ' गटाला किमान हमी असते, वर जागा असेल तर जास्तही मिळतं.

आणखी एक खड्डा नॅटचा. प्लेसमेंटच्या खोलीला वेगळा सबनेट दिला आणि बाहेरच्या पोर्टवर त्या खासगी पत्त्यावरून ओळखायला गेलात तर काहीच सापडणार नाही, कारण तिथे पोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो. म्हणून आतल्या पोर्टवर शिरतानाच डीएससीपीचा शिक्का मारायचा (व्हिडिओला एएफ४१, फोनला ईएफ म्हणजे ४६) आणि बाहेर पडताना फक्त शिक्का पाहायचा. मुलांच्या लॅपटॉपवरून आलेला शिक्का मात्र आत घेतानाच पुसायचा. नाहीतर आपल्यातले काही हुशार लोक टॉरेंटलाच ४६ लावतील, याची मला खात्री आहे.

साध्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर एवढे गट पाडायचीही गरज नाही. 'एफक्यू-कोडेल' (२०१८ चं आरएफसी ८२९०) प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करून विलंब आपोआप आवरतं. फक्त वेगाचा आकडा लाइनपेक्षा कमी द्यायचा, तो नियम तिथेही सुटत नाही.

तपासायचं कसं? एका लॅपटॉपवरून मोठा अपलोड सोडा, प्लेसमेंटच्या खोलीतून एक व्हिडिओ कॉल लावा आणि 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' पाहा. व्हिडिओच्या गटात पॅकेट्सचा आकडा शून्य आणि डिफॉल्टमध्ये सगळे, तर शिक्का बसत नाहीये. आकडे बरोबर चढतायत पण डिफॉल्टमध्ये एकही ड्रॉप नाही आणि आवाज तरीही तुटतोय, तर रांग अजून मॉडेममध्येच आहे. शेपचा आकडा ९५ लाखांवरून ९० लाखांवर आणा आणि पुन्हा कॉल लावून पाहा.