आधी सावली, मग काच

नवं घर बांधताना फरशी, रंग, स्वयंपाकाचा ओटा यांवर घरात महिनोन्‌महिने चर्चा होते. खिडक्या मात्र कंत्राटदारावर सोडल्या जातात. शीळफाट्याजवळ आमचं घर झालं तेव्हा पश्चिमेच्या खोल्यांना मोठ्या सरकत्या खिडक्या आणि गडद काळपट काच बसवून मिळाली. ‘या काचेतून ऊन येत नाही, विजेचं बिल कमी येईल,’ अशी खात्री विक्रेत्याने दिली होती. एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर त्या काचेला हात लावता येईना. खोलीत भरदिवसा दिवा लागायचा आणि एसी मध्यरात्रीपर्यंत चालायचा.

गडद काच ऊन अडवते, पण त्यातली बरीच उष्णता स्वतः शोषून तापते आणि मग तिचा काही भाग खोलीत सोडते. आतला पडदाही फारसा उपयोगी पडत नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून आलेलं असतं. आम्ही बाहेरच्या बाजूने बांबूच्या चिका सोडल्या, तेव्हा कुठे त्या खोल्यांत संध्याकाळी बसता येऊ लागलं.

म्हणून घर बांधणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की ऊन काचेवर पडण्याआधीच अडवा. दक्षिणेला दुपारचा सूर्य उंचावर असतो, तिथे रुंद छज्जा बऱ्यापैकी काम करतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं आणि छज्ज्याखालून थेट आत शिरतं. त्या बाजूला खिडक्या लहान ठेवा, उभे पडदीसारखे आडोसे, जाळी किंवा बाहेरची चिक योजा, जागा असेल तर झाड लावा. इमारतीत फ्लॅट असेल, तर बाहेरून काही लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपली हवा उष्ण आणि दमट, त्यामुळे वारा खेळल्याशिवाय घाम सुकत नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2018 साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यानुसार अशा हवामानात खिडक्या-दारांचा उघडणारा भाग घराच्या चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावा. 120 चौरस फुटांच्या खोलीसाठी हा हिशेब 20 चौरस फुटांचा होतो. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे 5 बाय 4 फुटांच्या खिडकीतून प्रत्यक्षात 10 चौरस फूटच मोकळे मिळतात. बिजागरीच्या पल्ल्यांची तेवढीच खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते.

काचेचा क्रम यानंतर. दुकानात ‘डबल ग्लास’ एवढंच ऐकून पैसे देऊ नका, ‘एसएचजीसी’ विचारा. काचेवर पडलेल्या सौर उष्णतेचा किती भाग आत येतो, ते हा आकडा सांगतो. साध्या एकेरी काचेसाठी तो सुमारे 0.8 असतो आणि साध्या दुहेरी काचेसाठी सुमारे 0.7. म्हणजे नुसती दुहेरी काच घेतल्याने ऊन फारसं अडत नाही. हा आकडा कमी असलेली, पण उजेड पुरेसा आत सोडणारी काच शोधा, आणि उष्णतेचा व उजेडाचा असे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या घरांना ट्रेलरचा आवाज आणि धूळ यांचाही विचार करावा लागतो. रस्त्याकडच्या खिडक्यांना लॅमिनेटेड काच आणि घट्ट रबरी गास्केट घ्या, वाऱ्यासाठी मागच्या बाजूच्या खिडक्या मोठ्या ठेवा. पावसाळ्यासाठी खिडकीच्या तळपट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि ट्रॅकमधलं पाणी निघून जाण्याची भोकं सिमेंटने बुजलेली नाहीत ना, हे ताबा घेताना पाणी ओतून पाहा.

हे सगळं लिंटेलचं काम सुरू होण्याआधी ठरवा. बजेट कमी पडलं तर काच साधी घ्या, पण छज्जा कापू नका. काच पाच वर्षांनीही बदलता येते, छज्जा आणि खिडकीची दिशा मात्र बांधतानाच ठरते.