इनाम लाखाचं, खुराक रोजचा

जत्रेच्या मैदानाच्या पत्रिकेवर पहिल्या नंबरच्या कुस्तीचं इनाम लाखांत छापलेलं असतं. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला एक पैलवान हाच आकडा मनात धरून मातीत उतरला आणि बारावीनंतर पुस्तकं बाजूला पडली. आता तो कुस्ती शिकवतो. पोरगं तालमीत घालायला आलेल्या आईबापांना तो आधी हिशेब ऐकवतो, डावपेचांचं नंतर.

रोज दोन लिटर दूध, लिटरला साठ रुपये धरले तरी महिन्याला ३,६०० रुपये. बदाम, तूप, अंडी, मटण, तालमीतल्या खोलीचं भाडं वेगळंच. लाखाची जोड एका मैदानात दोन-चार नावाजलेल्यांच्याच वाट्याला येते, बाकीचे हजारांत लढतात. कुस्ती बरोबरीत सुटली तर ठरलेलं इनामही पुरतं हातात पडत नाही. शिवाय मैदानं रंगतात दिवाळीनंतर आणि पावसाच्या तोंडावर थांबतात. खुराक मात्र आषाढातही लागतो. हा तुटवडा भरून काढायला काही जण नुरा कुस्तीच्या नादी लागतात. मैदानाला येणारं पब्लिक दर्दी असतं, ठरवून केलेली कुस्ती ते पहिल्या खडाखडीतच ओळखतं. मग त्या पैलवानाला पुढच्या जत्रेचं बोलावणं येत नाही.

या पैलवानाचं गणित बिघडवलं ते गुडघ्यानं. ऐन हंगामात लिगामेंट तुटलं. ऑपरेशन, मग महिनोन् महिने व्यायाम. इनामावर जगणाऱ्याला आजारपणाची रजा कुठली? घरच्यांनी म्हैस विकली. मोडलेला कान पैलवान मिरवतो, मोडलेला गुडघा लपवतो. लपवून लढल्यानं दुखणं वाढतं, हे त्याचं पोरांना पहिलं सांगणं.

मोठ्या मल्लांचंही वेगळं नव्हतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, पण परदेशी जायचा खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला होता. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि घर चाललं ते त्या पगारावर. विजय चौधरी २०१४ ते २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, तेही पुढे पोलीस उपअधीक्षक. ऑलिंपिकवीर असो की केसरी, चूल पेटती ठेवली ती नोकरीनं.

नोकरी मिळते ती कागदावर. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र मान्य स्पर्धेचं हवं आणि क्रीडा उपसंचालक कार्यालयातून त्याची पडताळणी व्हावी लागते. जत्रेतला फेटा आणि गदा तिथं कामाला येत नाहीत. कुस्ती संघटनांच्या भांडणात २०२३च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या, एक फुलगावला, एक धाराशिवला, आणि केसरीही दोन ठरले! म्हणून फॉर्म भरण्याआधी स्पर्धा कोणाची आणि तिला मान्यता कोणाची, हे विचारायला हा वस्ताद सांगतो. लाजायचं काही कारण नाही.

दुसरा मुद्दा मॅटचा. मातीतली निकाली कुस्ती बराच वेळ चालू शकते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण आणि वजनगट. मातीचा दम घेऊन मॅटवर आलेला पोरगा पहिल्याच मिनिटात गुण घालवून बसतो. त्यामुळे या वस्तादाकडची पोरं चौदा-पंधरा वर्षांची झाली की आठवड्यातले काही दिवस मॅटवरच असतात. काही जुन्या वस्तादांना हे रुचत नाही, पण नोकरीच्या रांगेत पोरांनाच उभं राहायचं असतं.

लढण्याची उमेद सरल्यावरही कुस्ती शिकवून पोट भरता येतं. पुण्यात वस्ताद काका पवारांच्या कुस्ती संकुलात तयार झालेले दोन मल्ल, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, २०२०च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले होते. असं संकुल उभं करणं प्रत्येकाला जमणारं नाही. पण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम करता येतो, आणि त्यासाठी आधी पदवी लागते. म्हणूनच या तालमीतली पोरं सकाळची मेहनत उरकली की कॉलेजला जातात. हजेरी कमी पडली तर वस्ताद त्यांना संध्याकाळी हौदात उतरू देत नाही.